दाब्याची उलटी तार

"हॅलो?… हॅलो! अकोला?… मोठ्यानं बोला जरा. मी अमरावतीहून बोलून राहिली. देवीदास रेडिओवाल्याचं दुकान हाय ना हे?… कोन? देवीदास, तूच काय रे?… हो, मीच. तुही बहीन, माणिक.… पोचली, पोचली. ते जाऊ दे.… नाई, च्या घेतला नाई, जेवली नाई, अन् मले ते इचारूबी नको. आधी मले सांग, लाल तार पांढऱ्या भोकात कशी गेली?"

केशवरावांच्या आडतीत संत्री भरणाऱ्या बायांचे हात थांबले. माणिकबाई भिंतीवरच्या टेलिफोनशी उभी होती. चोंगा दोन्ही हातांनी असा धरलेला, की जणू कोणी हिसकावून नेईल. केशवराव तिच्या गवळणींचे जुने शौकीन. सकाळी ती स्टेशनावरून थेट आडतीत आली आणि म्हणाली, मले अकोल्याले बोलाचं हाय. तिचा चेहरा पाहून त्यांनी कारण विचारलं नाही, मुकाट्यानं ट्रंक कॉल लावायला दिला. तो आत्ता, उन्हं डोक्यावर आल्यावर लागला होता. आपल्या गादीवर बसून ते वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे पान उलटत नव्हते.

"बोल ना! मुका झाला काय?… गडबडीत?… कोन्ती गडबड, देवीदास? त्या तारीवर लाल दोरा म्या सोता गुंडाळला. कायले गुंडाळला? आंधळ्यालेबी चाचपून समजावं, का लाल ते ढोलकीची. अन् तू म्हन्तं गडबड झाली!… हो, पाह्यलं म्या. उठून जाता जाता पाह्यलं. लाल तार धन्याच्या भोकात, माही तार गड्याच्या भोकात. माहे डोये फुटले नाई अजून."

हा धनी आणि गडी काय प्रकार होता, ते सांगायला हवं. माणिकबाईचा गळा गोड, पण बारीक. नवरा शेषराव ढोलकीला बसला की भोंग्यातून ढोलकी तेवढी बाहेर पडायची आणि गवळणीचे शब्द मंडपाच्या निम्म्यापर्यंतही जायचे नाहीत. तिचा धाकटा भाऊ देवीदास अकोल्यात रेडिओ दुरुस्त करी, सभा-बैठकींना भोंगे लावी. लढाई संपल्यावर लष्कराचं सामान लिलावात निघालं, त्यातले सुटे भाग आणून त्यानं बहिणीसाठी एक लाकडी खोकं तयार केलं. रेडिओत एक सोय असते. एखादं स्टेशन फार जोरात येऊ लागलं, की आतल्या आत त्याच्या आवाजाला आवर बसतो. देवीदासनं तीच सोय दोन मायकांना लावली, फक्त एकाचा लगाम दुसऱ्याच्या हाती दिला. खोक्याला दोन भोकं. पांढऱ्या भोकातला तो धनी, लाल भोकातला तो गडी. धन्यानं तोंड उघडलं की गडी आपोआप खाली बसणार, धनी थांबला की गडी उठून उभा राहणार. माणिकबाईचा मायक धन्याच्या भोकात, ढोलकीचा गड्याच्या. तिनं ओळ उचलली की ढोलकी मागं सरे, ती श्वास घेई तेवढ्यात ढोलकी उसळून जागा भरून काढी. ऐकणारे म्हणत, काय समज आहे शेषरावांच्या हाताला! खोक्याचं नाव पडलं दाब्या.

"अन् म्या तुले हात केला का नाई?… केला! दोनदा केला. तू खाली मान घालून खोक्यात पाहून राहिला होता. काय होतं त्या खोक्यात? काशी होती?… काय झालं होतं म्हनून मलेच इचारतं? तुले आयकू नाई आलं? थाप पडली का माहा आवाज गडप! दोन थापांच्या मदात उलसा वर ये, नाकापुरता, का पुन्हा खाली. पुरात वाहून जानाऱ्या मान्सावानी. मी मायकाच्या जवळ सरकली, तरी तेच. नरडं फाटेलोक जोर लावला, तरी तेच.… अरे, पहिले मलेबी वाटलं का गळाच बसला माहा! सारं जिनिंगाचं पटांगन हासून राहिलं होतं, देवीदास. एक जन मांगून वरडला, 'बाईले काढा पाजा!' आयकलं ना तू?… आयकलं. मंग?… मंग तार बदलाले किती येळ लागते? काढाची अन् घालाची. तू नाई बदलली. मी अर्ध्या गवळनीतून उठून गेली तरी तुहा हात नाई हालला. अन् समोर खुर्चीवर तो कंपनीचा मानूस बसला होता."

हा कंपनीचा माणूस मुंबईहून आला होता. ग्रामोफोनच्या रेकॉर्डी काढणाऱ्या कंपनीनं वऱ्हाडात कोण चांगलं गातं ते ऐकायला त्याला पाठवलं होतं, आणि अकोल्यात कापसाच्या जिनिंगाच्या पटांगणात काल झालेली ती कार्तिकातली बैठक म्हणजे माणिकबाईची परीक्षाच होती. ती महिनाभर त्या एका गवळणीवर मेहनत घेत होती. आपल्या फुला-भाजीच्या वाडीत झेंडू तोडताना, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बांधताना, तोंडात तीच.

"कोनाच्या सांगन्यावरून केलं, ते बोल.… शपथ घेऊ नको. आईचं नाव घेऊ नको, सांगून ठेवते!… मंग कोनासाठी केलं? दुसरी कोनी बाई उभी कराची होती काय त्या साहेबासमोर?… नाई त काय? मी काय वैरीन होती तुही?… थांब. थांब जरा. मांगून कोन बोलून राहिलं?… गिऱ्हाईक?… गिऱ्हाईक तुले शब्द सांगून देते काय?… अन् खोकलं कोन?… देवीदास, तो खोकला मले वळखू येत नाई? जन्म गेला माहा त्या खोकल्याच्या बाजूले निजून."

ढोलकीची चामड्याची पुडी बदलायची आहे, एक दिवस थांबतो, असं शेषराव काल बैठकीनंतर म्हणाला होता. म्हणून ती सकाळी जनानी डब्यात एकटी बसून आली. वाटेत तिनं भावाला मनातल्या मनात शंभर शिव्या घातल्या होत्या. नवऱ्याबद्दल मात्र तिला उलट वाईट वाटत होतं, की बिचाऱ्याची ढोलकी एवढी रंगली आणि बैठक मोडली.

"म्हंजे… त्यायनं सांगितलं?… तुह्या भाऊजीनं?"

केशवरावांनी पेपर खाली ठेवला.

"कवा?… गाडीतून उतरल्यावर. मी पाय धुवाले गेली तवा.… अन् काय म्हनले? नाई, जसंच्या तसं सांग, गोड करू नको.… 'रेकॉर्डीवर नाव छापलेली बाई मी घरात ठेवनार नाई.' … अस्सं. अन् तुले धाक पडला. तुले वाटलं बहीन माहेरी येऊन पडन.… हो, हो, आयकून राहिली. तू माहं घर वाचवलं. वा रे भाऊ! बहिनीचं घर वाचवाले बहिनीचा गळाच दाबला! मले इचारलं होतं?… एका शब्दानं? 'आक्का, भाऊजी असं असं म्हन्ते, तुह्या मनात काय हाय?' एवढं बोलाले काय तोंड शिवलं होतं तुहं?… नाई ना इचारलं. दोन मान्सायनं बसून ठरवलं, इकडची तार तिकडं केली, झालं बाईचं.… रडू नको. रडू नको म्हन्ते ना! इथं एकेका मिनिटाची मोजदाद होते.… हां? कोन? … हो एक्स्चेंजवाल्या बाई, वाढवा तीन मिनिटं. वाढवा म्हनलं ना. मदात नका येऊ.… देवीदास, हायेस? दे त्यायले फोन.… बाहेर गेले? आता त खोकून राहिले होते! दे म्हन्ते."

पलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज आला. माणिकबाईचा हात सवयीनं पदराकडे गेला, डोक्यावरून सरकलेला पदर पुढं ओढायला. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं हात खाली घेतला.

"बोला.… मी काय बोलू? तुमी बोला. काल सारे तुमीच बोलले ढोलकीतून, आजबी बोला.… लोक. लोक म्हन्ते. कोन्ते लोक?"

कोणते लोक ते तिला चांगलं ठाऊक होतं. चांदूर बाजारच्या एका बैठकीत चार जणांनी दाब्या उघडा पाहिला आणि देवीदासनं मोठ्या हौसेनं त्यांना तो समजावून सांगितला. त्या दिवसापासून शेषरावाच्या हाताची समज संपली. वऱ्हाडभर एकच बोलणं झालं, शेषरावच्या ढोलकीले बायकोनं दावं लावलं. पानठेल्यावर तो आला की कोणी मुद्दाम आवाज खाली करून बोले आणि बाकीचे हसत. शेषराव त्यावर काही बोलत नसे. घरीही नाही. बिडी ओढत ओट्यावर बसून राही. तिला वाटलं, मोठ्या मनाचा माणूस आहे.

"हो, दावं लावलं म्हन्ते लोक, आयकलं म्याबी. मंग?… इचारलं होतं! हे खोटं नका बोलू. आपल्या ओट्यावर दाब्या ठेवून तुमाले इचारलं होतं, तुमची ढोलकी मांगं जाईन, चालन काय? तुमी बिडी पेटवत म्हनले, 'जाऊ दे मांगं, मले काय फरक पडते.' … मनात नव्हतं त तोंडानं म्हनाचं होतं! 'मले सहन होत नाई' एवढं म्हनले असते, त त्याच दिवशी उचलून ठेवला असता म्या तो दाब्या.… हो, ठेवला असता!… नसन इश्वास त नसो.… आयका, माहं होऊ द्या.… माहं होऊ द्या म्हन्ते ना! … तुमी सामने एक शब्द नाई बोलले. गाडीत माह्या हातची भाकर खाल्ली. मंडपात माह्या बाजूले येऊन बसले. 'घाबरू नको' म्हनले, आठवते? अन् मंग वाजवत राहिले. मी बुडून राहिली ते दिसत होतं तुमाले, हातभर अंतरावरून. म्या तुमच्याकडं पाह्यलं. वाटलं, काई बिघडलं हाय, हे थांबवतीन. तुमी एक थाप कमी नाई केली. उलट जोर धरला."

भरणाऱ्या बायांपैकी एकीच्या हातातलं संत्रं घरंगळत दारापर्यंत गेलं. कोणी उचललं नाही.

"… काय?… आता कशाची रेकॉर्ड अन् कशाचं काय? … तो साहेब म्हन्ला तुमाले तसं? 'बाईचा गळा संपला' म्हन्ला?… अन् तुमी काय म्हनले?… काईच नाई म्हनले. बरं. खूप बरं वाटलं असन. मंग आता माहं आयका. सकाळी गाडी बदलाले बडनेऱ्याले उतरली, त तो साहेब बाकावर बसला होता. अमरावतीच्याच गाडीची वाट पाहून राहिला होता, इकडं अजून कोनाले तरी आयकाचं होतं त्याले.… मीच गेली त्याच्याजवळ. सोताहून.… लाज? लाज काल सांडली तिथं, जिनिंगात. त्यानं इचारलं, काल गळ्याले काय झालं होतं? म्या म्हनलं, गळ्याले काई नाई झालं, तुमाले फुरसत असन त आयकून घ्या.… तिथंच! फलाटावर! संत्र्याच्या करंड्या रचल्या होत्या, त्याइच्या बाजूले उभी राहून. ना भोंगा, ना मायक, ना ढोलकी.… हो, चार मान्सायच्या देखत. हमाल उभे राहिले, एक म्हातारी रडत होती. सारी गवळन म्हनली, पह्यल्या ओळीपासून. अन् येत्या शुक्रवारी मुंबईले बलावलं त्यानं मले."

 तारेतली बारीक खरखर तेवढी ऐकू येत होती. माणिकबाईनं चोंगा दुसऱ्या कानाला लावला. आपण जिंकलो असं तिला वाटायला हवं होतं. पण तसं वाटलं नाही.

"… हाय ना? का ठेवला?… मंग काहून चूप बसले?… नाई. दाब्या नाई नेत. तिथं एकच मायक असते म्हने, साऱ्याइले मिळून. ज्याचा आवाज मोठा पायजे तो जवळ बसते, ज्याचा बारीक पायजे तो दूर. ढोलकीवाल्याले भिंतीले बसवते.… तुमी नाई.… तुमी नाई म्हनलं! मोर्शीच्या नत्थुजीले नेते.… हो, तोच. बैठकीसाठी अमरावतीतच होता, निरोप धाडला त आला बी तो, बाहेर बसला हाय आडतीच्या.… त्याले घाई हाय, ठाऊक हाय मले. तिसऱ्या कडव्याले पळते, तेबी ठाऊक हाय.… बोंबलू नका, कान दुखून राहिला माहा. तुमच्यासारखा हात उभ्या वऱ्हाडात नाई. हे म्या कवा नाई म्हनलं? आजबी म्हन्ते, चार लोकायसमोर म्हन्ते. पन तुमी मांगं बसले त आता मले गाता नाई येनार. दर थापेले वाटन, आता बुडवते का मंग बुडवते. नत्थुजीच्या हाताले गोडी नाई, पन त्याची धास्तीबी नाई."

तो आता ओरडत होता. चोंग्यातून बाहेर येणारा आवाज केशवरावांपर्यंत पोचत होता, शब्द कळत नव्हते. ती मध्येच थांबली नाही. तो बोलत होता तेव्हाच तीही बोलत राहिली, आवाज न चढवता.

"… लावा घराले कुलूप. लावून घ्या.… आशीले मदात नका आनू. लेक तिच्या घरी नांदून राहिली, तिच्या सासूले काई वाटाचं असन त ते मले बोलन, तिले तोंड हाय.… नाव? माहंच नाव छापनार. माणिकबाई. निस्तं माणिकबाई, तुमचं आडनाव नाई लावत त्याले.… आयका. झेंडू तोडनीले आला. सांबार उद्याच उपटाचा हाय, नाई त पिवळा पडते. पान्याची पाळी शनिवारी हाय, झोपून नका राहू.… मी कायले येऊ सांगाले? आता सांगून राहिली ना.… नत्थुजीची बायको संगं हाय. मी काय एकटी नाई चालली, अन् एकटी असती तरी गेली असती.… वापस कवा? माहीत नाई.… माहीत नाई म्हन्ते ना! माहीत असतं तरी तुमाले कायले सांगू? तुमी सांगितलं होतं मले, का आज तुह्या गळ्यावर पाय देनार हाय म्हनून?"

 मग तो काहीतरी हळू बोलला. इतकं हळू, की तिनं चोंगा कानावर दाबून धरला.

"काय?… काय आयकू?… हॅलो? काय करून राहिले तुमी?"

शेषरावानं पलीकडे चोंगा टेबलावर ठेवला होता. आधी लाकडावर बोटं पडल्याचे दोन-चार सुटे आवाज आले. मग ठेका सुरू झाला. त्या गवळणीचा ठेका, देवीदासच्या दुकानातल्या फळीवर, नुसत्या बोटांनी. पाण्यासारखा साफ. नत्थुजीला सात जन्मांत जमणार नाही असा, प्रत्येक थापेच्या मागं जरा जागा सोडणारा, गाणाऱ्याला आत घेणारा. त्याला म्हणायचं होतं ते एवढंच, की हे कुठून आणशील?

कुठून आणणार होती? या ठेक्यावर तिनं गायला सुरुवात केली, तेव्हा तिला दाब्या माहीत नव्हता, मायक माहीत नव्हता, मुंबई माहीत नव्हती. तिची छाती आपोआप भरली. श्वास ज्या जागी घ्यायचा त्याच जागी तिनं तो घेतला, आणि पहिला शब्द ओठांपर्यंत आला. आडतीतल्या बाया तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. आता बाई गाते असं साऱ्यांनाच वाटलं.

माणिकबाईनं तो श्वास तसाच सोडून दिला. ठेका फिरून समेवर यायच्या आत तिनं चोंगा अडकवला.

"पुन्हा लावाचा काय?" केशवरावांनी विचारलं.

"नाई," ती म्हणाली. तिनं डोळे पुसले, दारात घरंगळत गेलेलं संत्रं उचलून करंडीत टाकलं आणि बाहेर आली. नत्थुजी गुडघ्यावर ढोलकी घेऊन बसला होता.

"चाला," ती त्याला म्हणाली. "तिसरं कडवं धरा. अन् पळू नका."